पहाटेचा सूर, दुपारचा सूर

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात कल्लाप्पा मगदूम यांचं पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची पडवी. खुंटीला टांगलेले भाते, कोनाड्यात कानशी आणि मधोमध पोत्यावर मांडी घालून बसलेला हा किडकिडीत माणूस. माणूस तिरसट. "आण्णा, पेटी जरा बघा की," असं कुणी म्हटलं की हा म्हणायचा, "मी बघत न्हाई, ऐकतो." तासगावपासून म्हसवडपर्यंतच्या भजनी मंडळांच्या आणि शाळांच्या पेट्या त्याच्याकडं यायच्या. एखाद्या शहाण्यानं "काळी चार जरा उतरलीय वाटतं" म्हणून पेटी परत आणलीच, तर आण्णा ती ठेवून घ्यायचा, दोन दिवस हातसुद्धा लावायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी तशीच परत द्यायचा. शहाणा वाजवून बघायचा आणि म्हणायचा, आता कशी झाली! हे तो बायकोला, राजमतीला, सांगून पोट धरून हसायचा. कानाचा त्याला गर्व होता. असेना का. दुसरं काय होतं त्याच्याकडं? दीड एकर जिरायत भावांनी वाटून घेतली होती आणि पोटी एक लेक, ती इस्लामपूरला दिलेली.

पण त्याचा खरा जीव सांगलीत नव्हताच. तो साताऱ्याला होता, एका बाजात.

साताऱ्यात माहुलीच्या रस्त्याला कडुनिंबांच्या गर्दीत एक जुनं दगडी ख्रिस्ती देऊळ होतं. गोऱ्या लोकांनी तिथं बोटीनं आणून एक नळ्यांचा बाजा बसवला होता. भिंत झाकेल एवढं लाकडी कपाट आणि त्यात तीनशेच्या आसपास नळ्या, काही शिशा-कथलाच्या, काही लाकडाच्या. सगळ्यांत मोठी नळी दोन पुरुष उंच, सगळ्यांत धाकटी पेन्सिलीएवढी. मागच्या बाजूला एक दांडा. तो खालीवर केला की मोठा भाता भरायचा, वारा नळ्यांखाली जायचा आणि पुढं बसलेल्यानं पट्टी दाबली की त्या पट्टीची नळी बोलायची. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांना लाकडी खुंट्या होत्या. एक खुंटी ओढली की नळ्यांची एक रांग जागी व्हायची.

त्रेपन्न साली तिथल्या म्हाताऱ्या मिसबाईंनी आण्णाला बोलावून घेतलं, कारण मुंबईचा कारागीर यायचा बंद झाला होता. आण्णानं असलं धूड जन्मात पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यानं नळ्या हातानं धरून सूर लावले. हाताच्या उबेनं नळी तापली, सूर चढला, ह्यानं तो उतरवला, नळी निवली आणि सूर जो खाली गेला तो गेलाच. त्या नाताळला बाजा असा रडला, की मिसबाईंनी कपाळाला हात लावला. पण बाई शहाणी. तिनं त्याला हाकललं नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. तेव्हापासून आण्णा हाताला धोतराचा पदर गुंडाळून नळ्यांत शिरायचा आणि आत श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा.

दोनचार वर्षांत त्यानं बाजाची सगळी नाडी ओळखली. थंडीत नळीचा सूर उतरतो, उन्हात चढतो. सगळ्या नळ्या मिळून उतरतात, मिळून चढतात, म्हणून त्यांचं आपसात भांडण होत नाही. फक्त एक रांग या भावकीत बसत नव्हती. ती तुतारीची. तिच्या छप्पन्न नळ्यांच्या बुडाशी पितळेची जीभ होती, पेटीतल्या ज्या पितळी पातीला पेटीवाले सूर म्हणतात तसली, आणि ती ऊन-थंडी मानायची नाही. म्हणजे दुपारच्या उन्हात बाकीच्या नळ्या आणि तुतारी जुळवून ठेवली आणि तोच बाजा पहाटेच्या गारठ्यात वाजवला, तर बाकी सगळा बाजा खाली उतरलेला आणि तुतारी आपली वरच उभी. ऐकणाऱ्याच्या दातांना कळ यायची. म्हणून आण्णाचा एकच नेम होता. ज्या वेळी वाजवायचा, त्याच वेळी जुळवायचा. नाताळची उपासना पहाटे पाचला असायची, तर आण्णा तीन-चार दिवस आधी येऊन रोज पहाटे चारला कांबळं गुंडाळून नळ्यांत शिरायचा. सातला ऊन आलं की काम बंद.

हे काम एकट्याचं नव्हे. एकानं आत नळीपाशी बसायचं, दुसऱ्यानं बाहेर पट्टी धरून ठेवायची. हा दुसरा म्हणजे शांतवन मास्तर. देवळाच्या शाळेत शिकवायचा, उपासनेला बाजा वाजवायचा, आण्णाहून आठ वर्षांनी लहान. आत आण्णा म्हणायचा, "पांढरी पाच." मास्तर पट्टी दाबून धरायचा. दोन नळ्या जुळत नसल्या की सूर थरथरतो. आण्णा लांब सुरीनं आत टिचकी मारत जायचा, थरथर मंदावत जायची, थांबायची. पुढंपुढं तर बोलायचीही गरज उरली नाही. आण्णानं कपाटाच्या लाकडावर एकदा टकटक केलं की मास्तर पुढच्या पट्टीवर जायचा. एकवीस वर्षं हे दोघं असे एकमेकांना न दिसता एकमेकांचं ऐकत आले.

आण्णा जैन, आणि तोही कडवा. बाहेरगावी जाताना घरच्या भाकऱ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन निघायचा. एस.टी. इस्लामपूरला थांबली तरी चहा प्यायचा नाही. पण सातव्या का आठव्या वर्षी तांब्या वाटेत लवंडला आणि त्या दुपारी तो मास्तरच्या घरी पाणी प्याला. मास्तरची बायको सुगंधाबाई, तिनं नवं फडकं काढून पाणी दोनदा गाळलं आणि काही न बोलता पुढं ठेवलं. त्यानंतर आण्णानं साताऱ्याला तांब्या कधी नेला नाही. राजमतीलाही कारण सांगितलं नाही. भाऊबंदांना कळलं असतं तर पंगतीत पान वेगळं पडलं असतं. एवढी जोखीम त्यानं सख्ख्या भावासाठीही घेतली नसती.

चौऱ्याहत्तर साली मात्र बाजावर संकट आलं. एका मोठ्या शहरातल्या देवळाला नळ्यांचा बाजा हवा होता. त्यांचे लोक येऊन बघून गेले आणि म्हणाले, तुमच्या लहान गावात हा सांभाळायला माणूस नाही, आम्हाला द्या. साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीतले थोर पंच सयाजी सुभेदार, फौजेतून आलेले, मिशीवाले, ते आडवे आले. "बाजा आमचा हाय," ते म्हणाले. "नीट वाजतोय तवर हितनं हलणार न्हाई. नाताळला ऐका येऊन. बेसूर वाजला तर खुशाल घेऊन जा." देवळाचे पाद्री, पाळकसाहेब, त्यांनी मान डोलावली आणि शहरातले दोघं नाताळला यायचं ठरलं.

आण्णाच्या कानावर हे गेलं आणि त्याची झोप उडाली. बाजा गेला तर तो उरणार कोण? भजनाच्या पेट्यांचा सुतार.

त्या वर्षी तो नाताळच्या आधी चार दिवस हाताशी ठेवून गेला. स्टँडवर मास्तर घ्यायला आला होता. चेहरा ओढलेला. पोराची काळजी असेल, आण्णाला वाटलं. मास्तरचा थोरला आशीर्वाद शिकून दोन वर्षं घरी बसला होता.

"आण्णा, औंदा उपासना दुपारी तीनला हाय," मास्तर चालता चालता म्हणाला. "शहरातली मानसं सकाळच्या गाडीनं येणार. तवा बाजा दुपारचा जुळवायचा."

आण्णाला बरंच वाटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहाटे चारचा गारठा हाडात शिरतो. तीन दिवस दुपारी दोन ते पाच दोघांनी काम केलं. पत्र्याचं छप्पर तापलेलं, आत घामाच्या धारा, आणि आण्णा पदराला घाम टिपत एकेक नळी जुळवत गेला. तुतारीच्या छप्पन्न जिभा त्यानं सगळ्यांत शेवटी लावल्या. चोवीस तारखेला चारच्या सुमाराला मास्तरनं सगळ्या खुंट्या ओढून एक गीत वाजवलं. इतका स्वच्छ बाजा एकवीस वर्षांत वाजला नव्हता. आण्णा नळ्यांतून बाहेर आला आणि नुसता उभा राहिला. मास्तर त्याच्याकडं न बघता खुंट्या आत ढकलत राहिला.

बाहेर अंगणात देवळाचा राखणदार ज्ञानू कंदील पुसत बसला होता. आण्णानं सहज विचारलं, आत्ता कशाला कंदील?

"पहाटं पाचला उपासना न्हाई व्हय," ज्ञानू म्हणाला. "अंधार असतोय की."

आण्णा तसाच मास्तरच्या घरी गेला. मास्तर ओट्यावर बसला होता. आण्णाला बघून उठला.

"शांतवन, उपासना पहाटं हाय म्हणतोय ज्ञानू."

"व्हय. ऐन वक्ताला बदललं. पाळकसाहेबांनी आत्ताच सांगितलं."

"मग आता? तुतारी बोंबलंल की रं. मी पहाटं तीनला बसतो. तू पट्ट्या धर. दोन तासांत छप्पन्न जिभा उतरवून घेऊ."

"कशाला तरास करून घेता आण्णा? तुतारीची खुंटी मी ओढतच न्हाई. बाकीच्या नळ्या आपापल्यात जुळलेल्याच हायत. कुणाला कळणार बी न्हाई."

हे अगदी खरं होतं. आण्णानंच त्याला हे शिकवलं होतं. तुतारी गप्प राहिली तर बाजा थोडा खालच्या पट्टीत, पण सुरेल वाजणार होता. "न्हाई ओढत न्हवं?" त्यानं एकदा विचारलं. "न्हाई ओढत," मास्तर म्हणाला. आण्णानं दिवस मावळायच्या आत भाकरी खाल्ली आणि मास्तरच्याच पडवीत पथारी टाकली.

नाताळच्या पहाटे भाता आण्णाच मारायचा. ज्ञानूचं काम ते, पण नाताळपुरतं आण्णा त्याच्याकडून मागून घ्यायचा. बाजाच्या मागं बसून, दांडा खालीवर करत, आपण लावलेले सूर पोटातून ऐकायचे ही त्याची वर्षाची मिठाई. देऊळ भरलं होतं. तोंडातून वाफा निघत होत्या. सकाळच्या गाडीनं येणार म्हणून सांगितलेले शहरातले दोघं आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आले होते आणि आता पहिल्या बाकावर बसले होते, हे आण्णाला मागून दिसलं नाही, नाहीतर त्याला तेव्हाच काय ते समजलं असतं.

पहिली दोन गीतं झाली. बाजा गोड वाजला. सुभेदारांचा खडा आवाज सगळ्यांच्या वर होता. आण्णाचा जीव भांड्यात पडला. तिसरं गीत सुरू झालं, शेवटचं, सगळी मंडळी उभी राहून म्हणते ते. पहिलं कडवं संपलं आणि आण्णाच्या डोळ्यांपुढं, नळ्यांच्या खाली, लाकडाची एक फळी सरकली.

प्रत्येक खुंटीमागं अशी एक फळी असते. खुंटी ओढली की ती सरकते आणि त्या रांगेला वारा मिळतो. फळी सरकल्यापासून बोट पट्टीवर पडेपर्यंत एक श्वास जातो. आण्णानं ओळखलं, ही तुतारी. दांडा त्याच्या हातात होता. तो सोडला असता तर भाता बसला असता आणि बाजा मुका झाला असता. लोक म्हणाले असते, भाता फुटला. पण समोर दोनशे माणसं देवाचं गाणं म्हणत उभी होती. चालत्या स्तवनात वारा तोडायचा कसा? हा विचार त्याला करावा लागला नाही, हातानंच केला. हात चालत राहिला, तुतारी बोलली आणि त्यानं स्वतःच्या हातानं वारा घालून स्वतःची अब्रू वाजवून घेतली.

काय वाजलं ते सांगण्यासारखं नाही. गाणारे अडखळले. पोरं हसली. सुभेदार गाता गाता थांबले. मास्तर मात्र पाचही कडवी पुरी होईपर्यंत वाजवत राहिला आणि एकदाही त्यानं ती खुंटी आत ढकलली नाही.

उपासनेनंतर कडुनिंबाखाली माणसं जमली. शहरातले दोघं काही बोलले नाहीत, त्यांना गरजच नव्हती. सुभेदारांनी आण्णाला समोर बोलावलं.

"मगदूम, हे काय केलंसा?"

"मला दुपारची वेळ सांगितली हुती," आण्णा म्हणाला. "दुपारच्या उनात जुळवलेला बाजा पहाटंच्या थंडीत..."

"वेळ कधी बदलली?" पाळकसाहेब म्हणाले. "नाताळची उपासना माझ्या आधीपासून पाचलाच असते. दुपारचं कोण म्हणालं तुम्हाला?"

आण्णानं मास्तरकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मास्तर जमिनीकडं बघत होता. एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात तो म्हणाला, "आण्णा, मी असं कवा म्हनलो?"

आण्णा थंडीचं, उन्हाचं, पितळेच्या जिभेचं, न ओढायच्या ठरलेल्या खुंटीचं सांगायला लागला. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत गेलं. सुभेदार म्हणाले, "आमी लेहला बरफात बिगूल वाजवलाय. थंडीनं सूर बिघडतो म्हणं. नाचता येईना आन् अंगण वाकडं." दोनचार माणसं हसली.

तेव्हा मास्तरनं मान वर केली. "आण्णांना बोल लावू नका," तो म्हणाला. "मानूस सोन्यासारखा हाय. पर वय झालं. तीन वर्षं झाली, मी बघतोय, कान गेला आण्णांचा. मीच झाकत आलो." आणि सुस्कारा सोडून पुढं म्हणाला, "आता दुसरा मानूस कुठनं आनायचा?"

झालं. सुभेदार मिशीवरून हात फिरवत बाजूला झाले. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, पण आपली कीव करणाऱ्याशी कसं भांडायचं? आण्णानं मास्तरच्या घरून पिशवी उचलली. सुगंधाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला काही ठाऊक नव्हतं, निदान आण्णाला तसं वाटलं. तो पाणी न पिताच स्टँडवर गेला.

संक्रांत झाली नाही तोवर बाजा ट्रकमध्ये चढला. ही बातमी सांगलीला यायला वेळ लागला नाही, आणि तिच्या पाठोपाठ दुसरीही आली, की पेटीवाल्या मगदुमांचा कान गेला. भजनी मंडळं अजून यायची, पण पेटी न्यायला येताना कुणीतरी जाणता बरोबर आणायची. तो जाणता उंबऱ्यात बसून एकेक पट्टी दाबून बघायचा. आण्णा पूर्वीसारखं काही बोलायचा नाही.

चैत्रात एका दुपारी शांतवन मास्तर दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

"बस," आण्णा म्हणाला.

मास्तर बसला. पुडा मध्ये ठेवला. "आशीर्वाद नोकरीला लागला," तो म्हणाला. "त्याच शहरात. देवळाची शाळा हाय त्यांची."

आण्णा मांडीवरच्या पेटीतला एक सूर खोलून काढत होता, तो काढतच राहिला. कोडं असं उरलंच नव्हतं.

"पोरासाठी केलास," तो म्हणाला.

"व्हय. आनी काय सांगू? दोन वर्षं पोरगं भिंतीकडं तोंड करून झोपत हुतं. त्यांनी म्हटलं, बाजा आला तर जागा हाय."

"मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर बेसूर करून दिला असता तुमी?"

आण्णानं खराखुरा विचार करून पाहिला. "न्हाई," तो म्हणाला. आत राजमती धान्य पाखडत होती, त्याचा आवाज येत होता. मग आण्णानं ते विचारलं, जे चार महिने त्याच्या घशात अडकलं होतं. "तुतारी ओढलीस ते मी समजून घेतो. पोर कुणाला नसतं. पर बाजा बिघडला म्हणायचं हुतंस. कान गेला असं का म्हनलास?"

मास्तरनं मधला पुडा थोडा पुढं सरकवला.

"बाजा बिघडला म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर सुभेदार म्हनले असते, मगदुमांकडनं दुरुस्त करून घ्या. आनी तुमी आठ दिवसांत केला असता. मला ठाऊक हाय की तुमी. बाजात खोट काढून भागत नव्हतं, आण्णा. तुमच्यातच काढावी लागली."

आण्णानं मांडीवरची पेटी बाजूला ठेवली. एकवीस वर्षं पलीकडं बसून या माणसानं आपल्याला इतकं नीट ऐकलं, की घाव कुठं घालायचा हे त्याला शोधावं लागलं नाही. राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, की हे सगळं आपणच याला शिकवलं.

"रागावलासा?" मास्तरनं विचारलं.

"व्हय. लय रागावलोय. आता जा."

मास्तर उठला. पुडा तसाच ठेवून बोळातून निघून गेला. आण्णानं पुडा उचलून भिंतीवर ठेवला, म्हणजे शेजारची पोरं नेतील. मग मांडीवरची पेटी पुढं घेतली. तासगावच्या एका मंडळाची होती ती. संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता, बरोबर जाणत्याला घेऊन. एकच सूर राहिला होता, पांढरी पाच. त्यानं तो कानशीनं घासून लावला होता, बसवला आणि पट्टी दाबली. ऐकलं. पुन्हा दाबली. सूर जुळला होता असं त्याला वाटलं. पण वाटणं आणि कळणं यात पूर्वी अंतर नव्हतं.

"राजमती," त्यानं हाक मारली. ती सूप हातात घेऊन उंबऱ्याशी आली. "ऐक जरा. जुळलाय का हा?"

राजमती क्षणभर त्याच्याकडंच बघत राहिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, असा प्रश्न त्यानं तिलाच काय, कुणालाच कधी विचारला नव्हता. "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "जुळल्यावानी वाटतोय की."

"नीट ऐक."

"जुळलाय आवं."

आण्णानं सूर पुन्हा बाहेर काढला, उजेडात धरला आणि टोकाशी कानस फिरवली. एकदाच, हलक्या हातानं. बसवला, पट्टी दाबली. सूर चढला होता. पहिला बरोबर होता, हे आता त्याला स्वच्छ ऐकू आलं.